अस्वलराजाचा पहिला हिवाळा

फार फार पूर्वी उत्तरेच्या बर्फाळ रानात एक तरुण अस्वल गादीवर आलं. राज्याचा दरारा वाढावा म्हणून त्याने कोठारातले निम्मे अक्रोड नदीपलीकडच्या लांडग्यांना दिले आणि बदल्यात त्यांच्याकडून सोन्याचं सिंहासन आणवलं.

"महाराज, हिवाळा कसा निघायचा?" कोठार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या खारीने विचारलं.

"आपण सगळेच थोडं कमी खाऊ," असं म्हणून अस्वल हिवाळाभर झोपायला गुहेत गेलं.

वसंतात ते जागं झालं, तेव्हा रान सुनं होतं. गुहेच्या तोंडाशी ती खार तेवढी बसली होती, अगदी हाडांचा सापळा होऊन.

"बाकीच्या खारी कुठे आहेत?"

"आम्ही कमी खाल्लं, महाराज. तुम्ही झोपला होता."

अस्वलाची मान खाली गेली. मग सिंहासन पाठीवर घेऊन ते एकटंच नदीकडे निघालं, अक्रोड परत मागायला.