येसूकाकीचा श्वास

कोकणातल्या समुद्राकाठच्या एका गावात मोतीराम कुबल नावाचा पाणबुड्या राहत होता. लहानपणापासून तो बुडी मारून खडकावरची कालवं काढायचा. एका दमात तो इतका वेळ पाण्याखाली राही की नवखी माणसं काठावर रडायला लागत. पुढे गावात पर्यटक येऊ लागले, तेव्हा त्याने बहीण सुगंधाला सोबत घेऊन एक होडी केली. पाठीवर हवेची टाकी बांधून दोघे पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवत.

धंदा चांगला चालला होता. पण गेल्या वर्षी एक पाहुणी सहा वाव, म्हणजे पस्तीसेक फूट, खोलीवरून घाबरून धडपडत वर आली. "हवा येत नव्हती," असं ती म्हणाली. मोतीरामने तिची नळी स्वतःच्या तोंडात धरली, चार श्वास घेतले आणि सगळ्यांसमोर हसला. "हवा तर येतेय, ताई. तुम्हीच घाबरलात." ती निघून गेली. पण गोष्ट पसरली, आणि त्यांच्या होडीत कोणी बसेना. यंदाही तसंच झालं, तर होडी विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हणून दिवाळीआधी दोघांनी नवे रेग्युलेटर घ्यायचं ठरवलं. टाकीतली हवा मोजून मापून तोंडात सोडतो, तो हा रेग्युलेटर. (मी स्वतः कधी पाण्याखाली गेलो नाही, पण जाणत्यांना दोनदा विचारून हे लिहितो आहे.) शहरातून एक विक्रेता दोन नमुने घेऊन किनाऱ्यावर आला. एक निळा, चकचकीत, हातात घेताच हसणारा. दुसरा काळा, जाडजूड, कढईच्या मुठीसारखा.

मोतीराम सकाळभर दोन्ही लावून पोहला. वर येऊन म्हणाला, "दोनय सारखेच. निळो घेवया, पावण्यांका बरो दिसात."

सुगंधा म्हणाली, "दादा, तुझी छाती म्हणजे लोहाराचो भातो. तुका बागेच्या पायपातसून दिलो तरी श्वास चलतलो. तू बरो म्हणतलस, तेचो काय उपेग?"

"मगे कोण बघतलो?"

"जेचो श्वास लहान, तो."

गावात सगळ्यात लहान श्वास येसूकाकीचा, यात वाद नव्हता. काकी सत्तरीची, सुकी मासळी विकायची. किनाऱ्यावरून रस्त्यापर्यंत चढताना तीनदा टेकायची. तिने फुंकर घातली तर चुलीतला निखारा लालसुद्धा होत नसे.

"मेल्या, सत्तर वर्सां फुकटची हवा घेतलंय," काकी म्हणाली. "आता नळी कित्याक?"

"काकी, कमराभर पाण्यात बसूचा आणि तोंड पाण्यात घालूचा. बरा नाय वाटला तर उभी रव. मी बाजूकच आसय," मोतीराम म्हणाला.

काकीने तोंडातलं पान थुंकलं, काष्टा घट्ट केला आणि पाण्यात बसली. विक्रेत्याने भरलेल्या टाकीला निळा रेग्युलेटर जोडून दिला. थोड्या वेळाने काकी वर आली. "बरो हा. पंख्याखाली बसल्यासारख्या वाटता."

विक्रेता खूश झाला. मोतीराम लगेच हो म्हणणार होता.

"थांब," सुगंधा म्हणाली. "सकाळभर तू वापरलंस ती टाकी लाव. उतरताना पावण्याची टाकी भरलेली असता. परत येताना ती सरत इलेली असता. आणि माणूस घाबरता तो तेव्हाच."

निळ्यालाच ती सरत आलेली टाकी लावली. काकी बसली, आणि सहाव्या श्वासाला उठून उभी राहिली.

"हो माझ्या वांगडा भांडता," ती धापा टाकत म्हणाली. "एकेक श्वास... विहिरीतसून कळशी ओढल्यासारखो."

मोतीरामने तीच नळी, त्याच टाकीवर, तोंडात धरली. चार श्वास घेतले. त्याला काहीच जड लागलं नाही. तो बोलणार होता, "हवा तर येता." पण शब्द ओठावर आले आणि तो थांबला. हेच चार श्वास त्याने गेल्या वर्षी घेतले होते. हेच शब्द तो तेव्हा बोलला होता.

तो खाली मान घालून काळा रेग्युलेटर त्याच टाकीला जोडू लागला.

काकी तिसऱ्यांदा पाण्यात बसली. बराच वेळ झाला. बुडबुडे शांतपणे वर येत होते, पण काकी येईना. मोतीराम घाबरला. त्याने तिच्या खांद्याला हात लावला. काकीने डोकं वर काढलं, नळी बाजूला केली आणि डाफरली, "गप रव रे. खाली एक कुर्ली तिरकी तिरकी चल्ली हा. ती खय जाता ता बघतंय."

"आणि हवा, काकी?"

"खयची हवा?" काकी म्हणाली, आणि पुन्हा पाण्यात गेली.

सुगंधा हसत सुटली. विक्रेताही हसला, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, "काळा वर्षातून एकदा उघडून साफ करावा लागेल. पण याचे सुटे भाग जवळच मिळतात." त्यांनी काळेच घेतले.

संध्याकाळी मोतीरामने जुन्या वहीतून त्या पाहुणीचा नंबर शोधला. फोन लावण्यापूर्वी तो अंगणात दोन फेऱ्या मारून आला.

"ताई, मी होडीवाला मोतीराम. तुम्हाला हवा जड जात होती, ते खरं होतं. मला जड गेली नाही म्हणून मी हसलो. माझं चुकलं."



"मी वर्षभर घरच्यांना सांगत होते," ती म्हणाली, "कुणी खरं मानलं नाही. तुम्ही हे जरा माझ्या नवऱ्याला सांगाल का? इथेच बसलेत."

मोतीरामने तेही सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाताळात दोघांसाठी जागा आहे का?"

जागा होती. त्या दिवसापासून पाहुणा पाण्यात उतरला की मोतीराम आधी त्याच्या श्वासाकडे बघतो, मग माशांकडे. यंदा त्यांची होडी रिकामी गेलेली कोणी पाहिली नाही.

तात्पर्य: जी वस्तू दुसऱ्याचा जीव सांभाळणार, ती आपल्या ताकदीने पारखू नये. ती सगळ्यात दुबळ्याच्या हाती आणि सगळ्यात अडचणीच्या वेळी पारखावी. आणि आपल्याला जड गेलं नाही, म्हणून दुसऱ्याचं ओझं खोटं मानू नये.