लाल भोई आणि न उतरणारा पाहुणा

एका राज्यात थंडी अशी पडे की कारंज्याचे पाणी उडता उडता गोठून राही. तिथे रिपुंजय नावाचा राजा राज्य करी. शूर होता, दानी होता; खोड एकच. जिंकलेली वस्तू डोळ्यांपुढे ठेवल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. त्याने धूमकंठ मांत्रिकाला लढाईत मारले आणि त्याच्या गुहेतला खजिना उपसून आणला. त्या खजिन्यात माणकांनी मढवलेली एक शेगडी होती. तिचे कोळसे जळत, पण धूर म्हणून होत नसे. मरता मरता धूमकंठ बोलला होता, "ही शेगडी ज्याला ऊब देईल, त्याचा श्वास त्याच्या कामी येणार नाही." पण हरलेल्याच्या शापाला भीक कोण घालतो? राजाने शेगडी शयनगृहात ठेवली, खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि सुखाने झोपला.

सूर्य वर आला तरी राजा उठला नाही.

राजकन्या इंदुलेखा धावत आली. राजवैद्य सोमदत्त नाडी धरून बसले होते आणि दरबारी मंडळी दारात दाटली होती. वैद्य म्हणाले, काळजीचे कारण नाही, महाराजांचा चेहरा पाहा, डाळिंबासारखा लाल आहे, ही नुसती गाढ झोप आहे. मंडळींनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात त्या दरबाराचा हात धरणारा कोणी नव्हता. एकाने तर साखर वाटण्याची भाषा काढली.

इंदुलेखेने "बाबा" म्हणून हाक मारली. पापणी हलली नाही. तिने हात उचलला, तो ओल्या पंच्यासारखा खाली पडला. तेवढ्यात तिची नजर पिंजऱ्याकडे गेली. रोज सकाळी प्रधानाला शिव्या घालणारी राजाची मैना तळाशी पाय वर करून पडली होती.

तिने पिंजरा उचलून बाहेर सज्जात नेला. गार वाऱ्यात मैनेची चोच हलली, मग डोळा उघडला.

"राजकन्ये, मी श्वास घेत होते. तो पोहोचत नव्हता."

"कुठे पोहोचत नव्हता?"

"ते रक्ताला विचार." मैनेने एक पीस उपटून दिले. "हे जिभेवर ठेव. धुळीच्या कणाहून लहान होशील. आत तिघे भेटतील. पहिल्याला काहीतरी दे, दुसऱ्याला खरे सांग, तिसऱ्याला प्रश्न विचार."

आत वैद्यबुवा राजाचा हात शेगडीवर शेकत होते. माणकाच्या कोंदणाची नखी बोटाला लागली आणि रक्ताचा थेंब उभा राहिला. इंदुलेखेने पीस जिभेवर ठेवले आणि त्या थेंबातून ती आत शिरली.

दारातच इवले इवले विणकर गोळा झाले होते. जखम बुजवायला ते जाळे विणत होते आणि जो आड येईल त्याला जाळ्यात गुंडाळत होते. इंदुलेखेने डोक्याचा एक केस तोडून त्यांना धाग्याला दिला. ते खूश झाले. त्यांनी तिला वाट दिली आणि तिच्या पाठीमागे भोक बुजवून टाकले. आली ती वाट बंद झाली.

ती नदीत पडली आणि थक्कच झाली. आजवर तिला वाटे, रक्त म्हणजे लाल पाणी. पाणी तर फिकट पिवळे होते, चवीला खारट. लाल होते ते पाण्यातून ओझी वाहणारे भोई. निम्मी नदी त्यांनीच भरली होती.

इतक्यात एक पांढुरका पहारेकरी आडवा आला. त्याला ठाम आकारच नव्हता; वाट्टेल तिकडून हात काढी आणि परक्याला गिळून टाकी. त्याने विचारले, "आपली की परकी?"

"मी त्यांची लेक."

पहारेकऱ्याने तिचे बोट चाखले. "अर्धी आपली, अर्धी परकी. आपल्या अर्ध्यासाठी सोडतो. जा."

मग तिने एका म्हाताऱ्या भोयाला गाठले. वाटीसारखा दोन्ही बाजूंनी खोलगट, आणि मधोमध काहीच नाही. जिथे प्रत्येकाचा गाभा असतो, तिथे याच्याजवळ रिकामी जागा. ती हादरली. "तुझा गाभा कोणी चोरला?"

"आम्हीच टाकतो," भोई म्हणाला. "हाडांच्या मगजात जन्मतो, आणि नदीत उतरण्याआधी गाभा टाकून देतो. त्याने जागा अडते. त्यामुळे आम्हाला पोरेबाळे नाहीत आणि फाटलो तर डागडुजी नाही. पण आत लोखंडी बैठका जास्त मावतात. छातीत प्राणवायू येऊन बसतो, अवयवांच्या दारी उतरतो. परतताना तिथली थोडी शिळी हवा आम्ही आणतो, बाकीची हे पाणी वाहून आणते."

"त्या प्राणवायूतला घास तुम्ही खाता?"

"एकही नाही. आमचे पोट पाण्यातल्या साखरेवर."

जन्मभर वाहायचे आणि त्यातले चाखायचे नाही! तिने आत डोकावून पाहिले. बैठका भरलेल्या होत्या. तिचा जीव भांड्यात पडला.

"नीट पाहा," भोई म्हणाला.

बसलेल्यांना ना रंग होता, ना वास, ना चेहरा. भोई सांगू लागला, "हे शेगडीतून आले. आपला पाहुणा, प्राणवायू, बसतो आणि उतरतो. हे बसतात ते उठत नाहीत, आणि शेजारी बसलेल्या आपल्या पाहुण्यालाही चिकटून बसायला शिकवतात. यांच्या बसण्याने आम्ही उलट जास्तच लाल दिसतो."

बाहेर ज्या लालीवर साखर वाटायची चालली होती, ती लालीच मरणाची होती. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

भोयाने तिला मस्तकाच्या गल्लीत नेले. गल्ली त्याच्या अंगाहून अरुंद, तरी तो अंग दुमडून शिरला. घराघरांच्या दारांत प्राणवायूसाठी हात पसरलेले होते. भरलेले भोई एकामागून एक गेले आणि एकानेही काही उतरवले नाही. एका घरात राजाने लेकीचे नाव जपून ठेवले होते. तिथला दिवा मिणमिणत होता. इंदुलेखा ढसाढसा रडली.

"हे कसे उठतील?"

"रेट्याने. मोकळ्या वाऱ्याचा लोंढा आला की एकेकाला उठावेच लागते. खिडक्या उघड, बाई."

त्याने तिला छातीपर्यंत वाहून नेले आणि पातळ पडद्यापलीकडे ढकलले. राजाच्या क्षीण उच्छ्वासाबरोबर ती बाहेर पडली आणि पूर्ववत झाली.

बाहेर वैद्यबुवा शेगडीत नवे कोळसे घालत होते. इंदुलेखेने ती लाल माणकांची शेगडी पदराने उचलली. हात पोळले, पण तिने एक खिडकी ढकलून उघडली आणि ती खालच्या तळ्यात भिरकावली. मग बाकीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि राजाला सज्जात न्यायला सांगितले.

"राजकन्ये, या थंडीत महाराज मरतील," वैद्य ओरडले.

"ते उबेत मरत होते. उचला."

राजाला सज्जात ठेवले. बोचरा वारा सुटला होता. हळूहळू चेहऱ्यावरची लाली उतरू लागली. गालही फिके पडले, ओठही. दरबाराने एकच आकांत मांडला आणि वैद्यांनी कपाळाला हात लावला. एकटी इंदुलेखा त्या फिकटपणाकडे डोळे लावून बसली होती. पाहुणे उठत होते.

राजाने डोळे उघडले. तो म्हणाला, "इंदू."

तळ्यात शेगडी फुटली आणि त्यातून धूर निघाला, इतक्या वर्षांचा सगळा. धूमकंठाचा शाप संपला. पुढे राजाने दवंडी पिटवली: बंद खोलीत कोळसा पेटवू नये. वैद्यांना त्याने क्षमा केली. मैना मात्र आता प्रधानाबरोबर त्यांनाही शिव्या घालू लागली.

सगळे ऐकून राजा म्हणाला, त्या म्हाताऱ्या भोयाला जहागीर देऊ.

"तो आता नसेल, बाबा. ते थकले की पोटातल्या प्लीहेत मोडतात, त्यानेच सांगितले होते. त्याचे लोखंड एखाद्या नव्या भोयाला मिळाले असेल."

राजाने आपल्या मनगटातल्या उडत्या नाडीकडे पाहिले. आजवर तो कोणापुढे वाकला नव्हता. त्याने मान खाली घातली आणि मनगट कपाळाला लावले.

ज्याने ही कथा ऐकली, त्याने झोपताना खिडकी थोडी उघडी ठेवावी.