बुडबुडा मधोमध

"आता तरी माझ्या हवाली काम करणार की नाही, चाचा?"

अंकुशनं दाऊदमिस्त्रींना विचारलं. दाराशी चपला काढून ते नव्या बाथरूममध्ये आले.

पाचगणीतल्या त्या हॉटेलात नऊ खोल्यांची बाथरूमं नव्यानं करायची होती. पहिल्या खोलीतला टब अंकुशनं एकट्यानं बसवला होता. उरलेल्या आठ खोल्या कुणाच्या हाती द्यायच्या, हे विचारायला मालकीणबाई चार वाजता येणार होत्या. चाचा ज्याचं नाव घेतील तो मिस्त्री. अकरा वर्षं चाचांच्या हाताखाली काढलेल्या अंकुशला ते नाव आपलंच असणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

आणि का असावी? जुन्या फरशा काढल्यावर खालचं काँक्रीट एका कोपऱ्यात बोटभर खचलेलं निघालं होतं. दुसरा कुणी असता तर टबाच्या पायाखाली लाकडाची पाचर सारून मोकळा झाला असता. अंकुशनं सगळा कोबा पुन्हा केला, त्यावर टब बसवला, आणि टब अन् भिंत यांच्यामधली फट सिलिकॉननं अशी भरली की नुसती पांढऱ्या दोऱ्यासारखी रेघ दिसावी.

त्यानं टबाच्या काठावर सपाटी तपासायची लेव्हल ठेवली.

"बघा. बुडबुडा मधोमध. केसाचा फरक नाही."

चाचांनी बुडबुड्याकडे पाहिलं नाही. वाकून त्यांनी नळ सोडला.

"गळती कालच बघितली मी," अंकुश म्हणाला.

"असेल."

टबात पाणी चढत राहिलं. अंकुशही चढत राहिला. साताऱ्यापासून महाबळेश्वरापर्यंत असा सांधा भरणारा दुसरा माणूस दाखवा, म्हणाला.

चाचा पाण्याकडे बघत होते...

निम्म्याच्या वर पाणी आल्यावर त्यांनी नळ बंद केला.

"बस आत."

"कपड्यांनिशी?"

चाचांनी बोटानं टब दाखवला.

अंकुश हसत आत उतरला आणि ऐटीत मागे टेकला. त्याच्या कानाशी बारीकसा आवाज झाला, चिकटपट्टी उचकटावी तसा.

त्यानं वळून पाहिलं. पांढरी रेघ भिंतीपासून सुटली होती. नख जाईल एवढी.

पाण्याचा आणि माणसाचा भार येताच टब सूतभर खाली बसला होता. टब पाण्यानं भरल्याशिवाय चाचांनी सांध्याला हात लावलेला अंकुशनं अकरा वर्षांत कधी पाहिला नव्हता. पण ती म्हाताऱ्याची एक खोड आहे, असंच तो धरून चालला होता.

अंकुशचं तोंड एवढंसं झालं.

"उठू?"

"ऊठ. उठलास की फट मिटेल."

मिटेल, अन् पहिलं गिऱ्हाईक टबात बसलं की पुन्हा उघडेल, हे अंकुशला कळलं. मग त्यानं हात पुढे केला.

"पातं द्या. अन् सिलिकॉन."

बसल्या बसल्या त्यानं सगळी रेघ खरवडून काढली, फट फडक्यानं कोरडी केली आणि नव्यानं भरली. या वेळी तो एक शब्द बोलला नाही.

"वाळेपर्यंत हलू नकोस," चाचा म्हणाले. "हललास तर पुन्हा सुटेल."

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली. चार वाजले होते.

अंकुशनं टबाचा काठ घट्ट धरला. मालकीणबाईंसमोर असं, म्हशीसारखं पाण्यात बसून राहायचं? अंगाला शर्ट चिकटलेला, डोक्यावर सिमेंटची धूळ. अशा माणसाला आठ खोल्या कोण देईल? एका झटक्यात बाहेर येता आलं असतं.

त्यानं चाचांकडे पाहिलं. चाचा नव्या रेघेकडे बघत होते.

त्याला लाज वाटत होती आणि ती लपवायला जागा नव्हती. त्यानं काठ सोडला, हात पाण्यात घेतले आणि तसाच बसून राहिला. मान मात्र ताठ ठेवली.

मालकीणबाई दारात आल्या आणि थबकल्या.

"अहो चाचा, हे काय चाललंय?" मग त्यांनीच हात झटकला. "असू दे. मला आधी सांगा, उरलेल्या आठ खोल्यांना मिस्त्री कोण?"

"तो काय, पाण्यात बसलाय."