वर्षापुरती वैद्य

पूर्वी चंपकपुरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा प्रधान होता. पद वंशपरंपरेचे, ते कोणी काढून घेणार नव्हते.

राजाच्या प्रसूतिशाळेसाठी परगावची वैद्य आणायची, तर वेशीपासून पालखी, ढोल, ओवाळणी. नव्या सुनेचे कौतुक हळद उतरेपर्यंत, तसेच हे. एकदा ती रुजू झाली की दर वर्षी तिने राजवाड्याच्या अंगणात उभे राहून नेमणूक नव्याने मागायची. छत्र धरणारा कायम, मोरांना दाणे घालणारा कायम. अडलेल्या बाईला सोडवणारी तेवढी वर्षापुरती.

एकेक वैद्य व्यापाऱ्यांच्या नगरांत निघून गेली. उरली एकटी कालिंदी. गरीब घरची बाई अडली, तर तिच्यावाचून कोणी नव्हते.

त्या वर्षी तीही उन्हात उभी होती. द्वारपाल म्हणाला, "बाई, जरा सरकून. मोरवाल्याला वाट द्या." ती सरकली. संध्याकाळी नगर सोडायचे, हे तिने तिथेच ठरवले.

बोधिसत्त्वाने तिचा चेहरा पाहिला. ही रीत बंद करा, असे त्याने राजाला पूर्वीही विनवले होते. एक गेली तर दुसरी आणू, ढोल तयारच आहेत, असे राजाचे म्हणणे. आता मात्र बोधिसत्त्वाला संताप आवरेना. आवाज न चढवता त्याने प्रधानकीची मुद्रा सिंहासनापाशी ठेवली आणि तो कालिंदीच्या मागे जाऊन उभा राहिला.

दरबार खोळंबला. राजा स्वतः अंगणात आला.

"प्रधानजी, हे काय मांडलंय?"

"नेमणूक मागायला आलोय, महाराज. यांच्यानंतर माझी पाळी."

"तुम्ही घरचे. तुम्हाला कसली रांग?"

"मग या परक्या का? मी आलो नाही तर दरबार खोळंबतो. या आल्या नाहीत तर एका घरातून दोन प्रेतं निघतात."

राजाची मान खाली गेली. त्याने ती रीत तिथेच मोडली, कालिंदीला कायम केले, गेलेल्यांनाही तसेच निरोप धाडले. मग हौसेने ढोलवाल्यांना हाक मारली.

कालिंदी प्रथमच बोलली. "ढोल राहू द्या, महाराज. तिकडे दोघींना कळा सुरू आहेत, आणि मी सकाळपासून इथं उभी आहे."

एवढे बोलून ती प्रसूतिशाळेकडे चालू लागली.

कथा संपवून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद, कालिंदी ही भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि प्रधान मीच होतो." द्वारपाल कोण, हे त्यांनी सांगितले नाही, तसे लोक प्रत्येक जन्मात दारातच असतात. दुसऱ्याला लावलेला नियम आधी स्वतःला लावून पाहणे, या गुणाला समानात्मता म्हणतात.