उत्तरांवर ठेवलेला कागद

एकदा एक विद्यार्थिनी आपला प्रबंध घेऊन वृद्ध प्राध्यापकांकडे आली. मानसशास्त्र शिकणारी ही मुलगी हुशार आणि कामाला वाघ. क्षयरोगाच्या गोळ्या रुग्ण मध्येच का सोडतात, हे शोधायला तिने गावोगाव फिरून बारा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या होत्या. निष्कर्ष स्वच्छ होता: स्त्रिया विसरतात. उपायही तयार होता: त्यांच्या घरच्या फोनवर रोज गजर वाजवावा. दवाखाना पुढच्या महिन्यापासून तो सुरू करणार होता. सरांची सही तेवढी बाकी होती.

सरांनी पहिली मुलाखत उघडली, उत्तरांचा रकाना कोऱ्या कागदाने झाकला आणि फक्त तिचे प्रश्न मोठ्याने वाचू लागले. "गोळी घ्यायला विसरता का? कामाच्या गडबडीत लक्षात राहत नाही ना? कोणी आठवण केली तर बरं पडेल?"

बाराही मुलाखती त्यांनी अशाच वाचल्या. विद्यार्थिनीला आधी राग आला. इतक्या महिन्यांची पायपीट कोणी झाकून ठेवली तर कोणालाही येईल. पण पाचव्या मुलाखतीपर्यंत तिचा चेहरा उतरला होता.

सर म्हणाले, "उत्तरं न वाचताच मला ती कळली. बायका भल्या आहेत. दारी आलेल्या मुलीचं मन त्यांनी मोडलं नाही. पुन्हा जा. कालचा दिवस कसा गेला, एवढंच विचार. आणि सांगता सांगता बाई थांबली की तूही थांब."

पदवी हाताशी आली असताना मागे फिरायला मोठं मन लागतं. ते तिच्यापाशी होतं. वाद न घालता ती पहिली मुलाखत जिची घेतली होती, त्या घरच्या सुनेकडे गेली.

सून कालच्या दिवसाचं सांगता सांगता गोळीपाशी येऊन गप्प झाली. एरवी विद्यार्थिनीने लगेच पुढचा प्रश्न टाकला असता. या वेळी ती नुसती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने सून हलक्या आवाजात म्हणाली, "विसरत नाही हो ताई. सासरी हा आजार कुणाला ठाऊक नाही. कळलं तर माहेरी धाडतील. घरात कुणी असलं की गोळी राहून जाते. तुम्ही म्हणाला होतात तो गजर तेवढा नका लावू. फोन सासूबाईंकडे असतो."

विद्यार्थिनीने तिथूनच दवाखान्याला कळवून गजराचा बेत थांबवला. मग सरांकडे येऊन तिने बाराही जणींकडे पुन्हा जाण्यासाठी आणखी एक वर्ष मागितलं. सांगताना तिला रडू आवरेना.

सर उठून तिच्याजवळ आले. म्हणाले, "रडू नकोस. तू वेळेवर फिरलीस. मला हे कळलं तेव्हा माझा पहिला प्रबंध छापून झाला होता, आणि त्याप्रमाणे कामही सुरू झालं होतं."