भिवरीने शोधलेलं भोक

जनावरं आपापसांत व्यापार करायची त्या काळात, सागाच्या रानात सगळ्यांच्या मालाची एकच गुहा होती. लांबलांबून पाखरांकरवी मागण्या यायच्या आणि माल तिथूनच निघायचा. गुहा एक दिवसही बंद पडू द्यायची नाही आणि चोरही आत येऊ द्यायचा नाही, हे काम भिवरी नावाच्या मुंगसाकडे होतं.

एका दुपारी भिवरी मागच्या बाजूने गुपचूप गुहेत शिरलेली सापडली. मध विकणाऱ्या धोंडू अस्वलाने तिला शेपटीला धरून सगळ्यांसमोर आणलं. “राखण करणारीच चोर निघाली,” तो म्हणाला.

भिवरीला ते फार लागलं. अंगावरची माती झटकत ती म्हणाली, “धोंडूदादा, दर पंधरवड्याला मी चोरासारखी आत शिरून बघते. जमलं नाही की निश्चिंत होते. आज जमलं. मुळं कुजून मागची माती ढासळलीय. मी थेट तुमच्या मधापर्यंत पोचले होते.”

“मग आम्हाला आधी सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही सगळे तेवढ्यापुरते सावध राहिला असतात. चोर काही सांगून येत नाही.”

धोंडूने ओशाळून तिची शेपटी सोडली. तेवढ्यात मागून कोल्ह्याने अगदी मऊ आवाजात विचारलं, “मग ते भोक आजच बुजवायचं, की दोन दिवसांनी बुजवलं तरी चालेल?”

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. धोंडू तडक माती आणायला गेला.