हौसाबाईचा पाळणा विद्यापीठात

राजा दुर्गसेनाने दवंडी पिटवली. राज्यात जो कोणी अन्नछत्र, धर्मशाळा, पाणपोई किंवा अनाथांचं घर चालवत असेल, त्याने विद्यापीठात येऊन चार महिने सेवाशास्त्र शिकावं. एक दिवस चुकला, तर संस्थेला कुलूप. शिकण्याच्या निमित्ताने संस्थेचं काम एक दिवस बंद पडलं, तरी कुलूप. काम दुसऱ्या कोणावर सोपवलं, तरी कुलूपच.

ही सगळी कल्पना कुलगुरू पुंडरीकाचार्यांची. आचार्यांनी जन्मात कोणाला पेलाभर पाणी दिलं नव्हतं, पण पाणी कसं द्यावं यावर त्यांचा उशीएवढा जाड ग्रंथ होता. वेशीबाहेरच्या अनाथांच्या घरावर त्यांचा कधीपासून डोळा होता. जागा हवेशीर, विहीर गोड्या पाण्याची. विद्यापीठाच्या पाहुण्यांना उतरायला अगदी योग्य. फक्त पोरं तेवढी मध्ये येत होती.

ते घर चालवायची हौसाबाई. पटकीच्या साथीत तिचा नवरा गेला, तेव्हा गावात आईबाप गेलेली पोरं दारोदार फिरत होती. तिने त्यांना आपल्या अंगणात आणून बसवलं, आणि मग पोरं तिथेच राहिली.

दवंडी ऐकून हौसाबाई थेट दरबारात गेली.

“महाराज, वर्ग सकाळी सुरू होणार, संध्याकाळी सुटणार. पोरांना भूक लागते ती त्याच वेळात. मी वर्गात बसले, तर घरी चूल कोण पेटवणार?”

राजाला एकदा दिलेला हुकूम मागे घेणं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं वाटे. “हुकूम म्हणजे हुकूम. रोज वर्गातही यायचं आणि कामही थांबवायचं नाही.”

शेजारी बसलेले आचार्य गोड हसले. “बाई, यालाच नेतृत्व म्हणतात. खरा पुढारी एकाच वेळी दोन्हीकडे असतो. तुम्हाला झेपत नसेल, तर घराच्या किल्ल्या आजच देऊन टाका.”

हौसाबाईने किल्ल्यांचा जुडगा कमरेला घट्ट खोचला. “झेपेल की,” ती म्हणाली.

घरी पोरं दारातच उभी होती. धाकटी कुशी रडवेली होऊन म्हणाली, “आये, आपलं घर काढून घेणार?”

हौसाबाईने पदराने तिचे डोळे पुसले. “छे गं. उद्या आपण सगळेच विद्यापीठात जायचं. वेण्या घालून घ्या.”

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. पुढच्या गाद्यांवर मोठमोठ्या संस्थांचे प्रमुख लोडाला टेकून बसले होते. त्यातल्या एकाला आपली पाणपोई कुठल्या रस्त्यावर आहे हे सांगता आलं नसतं, पण पागोटं मात्र झकास होतं. आचार्यांनी घसा साफ केला. “भूक चार प्रकारची असते. पहिली...”

तेवढ्यात हौसाबाई सगळी पोरं घेऊन आत आली. दोन खांबांच्या मध्ये तिने पाळणा बांधला, तान्ह्या पोराला त्यात निजवलं आणि बाहेरच्या चौकात चूल पेटवली. दार सताड उघडं ठेवून ती उंबऱ्याच्या आत बसली. तिथून व्याख्यान ऐकू येत होतं आणि आमटीही ढवळता येत होती.

“हे काय चाललंय?” आचार्य ओरडले.

“दोन्हीकडे आहे मी, आचार्य. वर्गातही आणि कामातही. तुम्ही बोला, माझं लक्ष आहे.”

आचार्य पुढे बोलू लागले, पण भुकेच्या दुसऱ्या प्रकाराला पाळण्यातलं पोर रडू लागलं. तिसऱ्या प्रकारापर्यंत त्याने असा सूर लावला की आचार्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना.

“गप्प करा त्याला!”

“हात डाळतांदळात आहेत माझे. रडत्या बाळाला कसं शांत करावं यावर तुमच्या ग्रंथात अख्खा अध्याय आहे म्हणतात. जरा करून दाखवा, आम्ही शिकायलाच आलोय.”

सगळ्या वर्गाने माना वळवल्या. आचार्यांना पोर उचलावं लागलं. त्यांनी ते पोथी धरतात तसं दोन्ही हातांवर आडवं धरलं. पोराने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचं रेशमी उपरणं भिजवलं. आचार्यांनी पोर पाळण्यात ठेवलं आणि तडक राजवाडा गाठला.

“विद्येचा अपमान झाला, महाराज! स्वतः चला आणि त्या घराला कुलूप ठोका.”

राजा आला तेव्हा दुपार कलली होती. हौसाबाई उठून उभी राहिली. “महाराज, वर्ग चुकवला नाही. काम थांबवलं नाही. कोणावर सोपवलंही नाही. हुकूम कुठे मोडला ते सांगा.”

राजाला सांगता येईना, म्हणून तो अधिकच चिडला. “आचार्य, हिची परीक्षा घ्या. उत्तर चुकलं, तर घर विद्यापीठाचं.”

आचार्यांनी आपला सर्वांत अवघड प्रश्न काढला. “सर्वांत थोर पुढारी कोण? ग्रंथात उत्तर एकच आहे. ज्याच्या नसण्याने काहीही अडत नाही, तो. आता बाई, असा एक पुढारी आम्हाला दाखवा. आत्ता, इथे.”

कुशीने हौसाबाईचा पदर घट्ट धरला. स्वतःकडे बोट दाखवावं, तर घर तिच्यावाचून चालतं असं ठरणार. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यावं, तर पुरावा कुठून आणणार?

हौसाबाई राजाला म्हणाली, “महाराज, आधी जरा चौकात बघा.”

राजाने पाहिलं. आचार्य गेल्यावर पागोटेवाले प्रमुख आपणहून गाद्यांवरून उठले होते आणि पोरांना आमटीभात वाढत होते. पाणपोईचे मालक स्वतः तांब्या घेऊन फिरत होते. पाळण्यातलं पोर गाढ झोपलं होतं.

“आचार्य सकाळीच तुमच्याकडे निघून गेले,” हौसाबाई म्हणाली. “तेव्हापासून इथलं काहीएक अडलं नाही. उलट बरंच मार्गी लागलं. आचार्यांच्या ग्रंथाप्रमाणे यांच्याइतका थोर पुढारी उभ्या राज्यात नाही. आणखी थोर व्हायचं असेल, तर त्यांनी कायमचंच जावं.”

राजाने आचार्यांकडे पाहिलं. आचार्य भिजलेलं उपरणं लपवत होते. राजाचे खांदे हलू लागले, मग पोट, आणि शेवटी तो खांबाला धरून खो खो हसत सुटला.

“आचार्य, तुम्ही तुमच्याच परीक्षेत पहिले आलात,” तो डोळे पुसत म्हणाला. त्याने तिथल्या तिथे हुकूम फिरवला. ज्याला शिकवायचं असेल, त्याने संस्थेच्या दारी जाऊन, तिथली चूल फुंकत शिकवावं. वेशीबाहेरचं घर आणि विहीर हौसाबाईच्या नावे झाली, आणि शेजारचा विद्यापीठाचा आमराईचा मळाही पोरांना मिळाला. मग राजा खाली बसला आणि त्याने आमटीभाताचं पान मागितलं.